केविन स्मिथ: सिनेमावाला सुपरहिरोंची कॉमिक्स लिहू लागतो तेव्हा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

केविन स्मिथच्या कॉमिक्सबद्दल मला येणाऱ्या निरोपांत तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात. विचारणारे दोन प्रकारचे. काहींनी त्याचे सिनेमे पाहिलेत, पण कॉमिक्सला हात लावलेला नाही. काहींना डेअरडेव्हिल नि बॅटमॅन तोंडपाठ, पण हा लेखक मुळात दिग्दर्शक आहे हे त्यांना फार उशिरा कळलं. दोघांसाठीही उत्तरं इथे एका जागी ठेवतो आहे. ज्या उत्तरात कथेतलं रहस्य फुटतं, तिथे सुरुवातीलाच तसं सांगितलं आहे.

१. केविन स्मिथ आधी दिग्दर्शक की आधी कॉमिक्सलेखक?

आधी दिग्दर्शक. पण त्याच्याही आधी वाचक, आणि हे लक्षात ठेवलं तर पुढचं बरंच सोपं जातं.

तो १९७० साली न्यू जर्सीतल्या रेड बँक गावी जन्मला. जवळच्या लिओनार्डोमध्ये 'क्विक स्टॉप' नावाचं दूध, पाव, सिगारेट विकणारं एक छोटं दुकान होतं, तिथे तो गल्ल्यावर बसायचा. त्याच दुकानात, दिवसभराचं काम संपल्यावर रात्री, त्याने 'क्लर्क्स' हा कृष्णधवल सिनेमा चित्रित केला. खर्च २७,५७५ डॉलर. गोष्ट दिवसाची आणि चित्रीकरण रात्रीचं, मग शटर उघडं कसं दाखवणार? त्याने कथेतच तोड काढली: कुणीतरी कुलपात च्युइंगगम कोंबलंय, म्हणून शटर उघडतच नाही. १९९४ च्या सनडान्स महोत्सवात हा सिनेमा गाजला आणि मिरामॅक्सने तो उचलला. पुढे 'मॉलरॅट्स' (१९९५), 'चेझिंग एमी' (१९९७), 'डॉग्मा' (१९९९). सुपरहिरोंची कॉमिक्स तो लिहू लागला १९९८ मध्ये, म्हणजे दिग्दर्शक म्हणून नाव झाल्यावर.

२. 'क्लर्क्स'च्या पैशासाठी त्याने स्वतःची कॉमिक्स विकली, हे खरं आहे का?

खरं आहे. जमवलेली बहुतेक कॉमिक्स त्याने विकून टाकली आणि बाकीचा भार क्रेडिट कार्डांवर टाकला. सिनेमा चालल्यावर त्याने तो संग्रह परत विकत घेतला. १९९७ मध्ये तर रेड बँकमध्ये कॉमिक्सचं स्वतःचं दुकानच काढलं, 'जे अँड सायलेंट बॉब्ज सीक्रेट स्टॅश'. रद्दीवाल्याकडे चांदोबाचे गठ्ठे गेल्याची हळहळ ज्यांच्या घरात अजून निघते, त्यांना या परत घेण्याचं मोल वेगळं सांगायला नको.

३. सिनेमातल्या माणसाला मार्व्हलने डेअरडेव्हिलसारखं पात्र कसं काय सोपवलं?

तेव्हा मार्व्हल या अमेरिकी कॉमिक्स कंपनीची अवस्था बिकट होती. डिसेंबर १९९६ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली होती. १९९८ मध्ये तिने जो केसाडा आणि जिमी पामियोटी या बाहेरच्या दोन चित्रकारांना चार मालिका चालवायला दिल्या: डेअरडेव्हिल, ब्लॅक पँथर, पनिशर आणि इनह्यूमन्स. या शाखेचं नाव 'मार्व्हल नाइट्स'. डेअरडेव्हिल त्या काळी कुणाच्या फारसा डोळ्यांत भरत नव्हता. त्याच्याकडे नव्या वाचकांना खेचून आणेल असं नाव हवं होतं.

स्मिथ परका नव्हता. 'मॉलरॅट्स'चा नायक कॉमिक्सवेडा आहे आणि त्याला प्रेमाविषयी चार शब्द सांगायला मार्व्हलचा नामवंत लेखक-संपादक स्टॅन ली खुद्द पडद्यावर येतो. 'चेझिंग एमी'ची मुख्य पात्रं तर कॉमिक्स काढूनच पोट भरतात. त्यात एक वाचक शाईकाम करणाऱ्याला (पेन्सिलीच्या चित्रावर शाई चढवणाऱ्याला) तोंडावर सुनावतो की तू फक्त दुसऱ्याच्या रेघा गिरवतोस. हा टोमणा त्या धंद्यातल्या माणसाला किती लागतो हे बाहेरच्याला सुचायचं नाही. शिवाय १९९८ मध्येच 'क्लर्क्स'ची पात्रं घेऊन त्याने ओनी प्रेससाठी कॉमिक्स लिहिलं होतं, चित्रं जिम माहफूडची.

सिनेमावाल्यांनी कॉमिक्सकडे यावं ही तेव्हा नेहमीची गोष्ट नव्हती. कॉमिक्समधून सिनेमात जाणं ही बढती समजली जायची. नाव मिळवलेल्या दिग्दर्शकाने महिन्याच्या अंकासाठी बसून लिहावं, याचं त्या छोट्या जगाला केवढं अप्रूप वाटलं असेल, याचा आज अंदाज येत नाही.

४. कुठून वाचायला सुरुवात करू?

डेअरडेव्हिलच्या 'गार्डियन डेव्हिल'पासून (प्रश्न ६). आठ अंकांची पूर्ण कथा एका पुस्तकात मिळते आणि आधीचं काही वाचलेलं असावं लागत नाही. मला हे पुस्तक फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडलं आणि घरी परतताना लोकलमध्ये माझं स्टेशन चुकलं. त्यानंतर ग्रीन अ‍ॅरोचं 'क्विव्हर' (प्रश्न ८). ही दोन आवडली तरच पुढे जा. पहिल्याच फेरीत बॅटमॅनकडे वळू नका, कारण प्रश्न १३ मध्ये आहे.

५. पटकथा आणि कॉमिक्सची संहिता यांत एवढा फरक काय? लिहिणं ते लिहिणंच ना?

फरक मोठा आहे, आणि स्मिथचे गुण-दोष दोन्ही त्यातूनच येतात.

पटकथेतल्या संवादाला नट सांभाळून घेतो. चार ओळी जास्त झाल्या तर तो त्या भरभर म्हणतो, मध्ये श्वास घेतो, एखादा शब्द गिळतो. संकलकाला त्याही जड वाटल्या तर तो कापतो. कॉमिक्समध्ये असं कुणी मधे पडत नाही. चौकट म्हणजे गोठलेला एक क्षण. मूठ जबड्यावर बसते आहे त्याच चौकटीत पात्र साठ शब्द बोलू लागलं, तर ती मूठ हवेत लटकल्यासारखी दिसते. वर प्रत्येक शब्दाला कागदावर जागा लागते, आणि संवादाचा फुगा मोठा झाला की चित्र झाकलं जातं. त्या काळी मासिक अंकाला पानं साधारण बावीस असत. जागा मोजकी, तिथे शब्द उधळणं महाग पडतं.

स्मिथच्या सिनेमांत माणसं उभी राहतात आणि बोलतात. तेच त्याचं बळ. कॅमेरा फार हलत नाही, पण बोलण्याला अशी लय असते की पुढचं ऐकत राहावंसं वाटतं. ही सवय घेऊन तो कॉमिक्समध्ये आला, म्हणून 'गार्डियन डेव्हिल'ची पानं शब्दांनी ठासून भरलेली आहेत. काही ठिकाणी केसाडाचं देखणं चित्र मजकुराच्या पट्ट्यांमागे गुदमरतं. पण तीच पात्रं एकमेकांशी इतक्या जवळिकीने बोलतात की मुखवट्याच्या आत एक थकलेला माणूस आहे याचा विसर पडत नाही. माझ्या मते हा सौदा वाचकाच्या फायद्याचाच झाला. 'क्विव्हर'पर्यंत येता येता तो चित्राला जागा द्यायलाही शिकला होता.

६. 'गार्डियन डेव्हिल'मध्ये असं काय आहे की अजून लोक त्याचं नाव काढतात?

या उत्तरात आणि पुढच्याही उत्तरात शेवट फुटतो. वाचलं नसेल तर प्रश्न ८ वर जा.

मॅट मर्डॉक हा आंधळा वकील, रात्रीचा डेअरडेव्हिल, जन्माने आणि मनाने कॅथलिक. एक घाबरलेली मुलगी त्याच्या हाती तान्हं बाळ देते आणि सांगते, हे जगाचा उद्धार करणारं आहे. मग एक म्हातारा येऊन सांगतो, नाही, हे सैतानाचं आहे, मारून टाक. त्यातच त्याला सोडून गेलेली प्रेयसी कॅरन पेज परत येते आणि आपल्याला एचआयव्हीची लागण झाल्याचं सांगते. भागीदार फॉगी नेल्सनवर खुनाचा आळ येतो. मॅटचा देवावरचा, मित्रांवरचा, स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास एकेक करून ढासळत जातो.

या सगळ्यामागे निघतो मिस्टेरियो, मूळ स्पायडरमॅनचा शत्रू. सिनेमातल्या चमत्कृती करणारा हा माणूस कर्करोगाने मरणार आहे आणि जाण्याआधी त्याला एक शेवटचा भव्य प्रयोग करायचा आहे. दिग्दर्शकाने लिहिलेल्या कथेत खलनायकही दिग्दर्शकच! तो पात्रं निवडतो, प्रसंग रचतो, औषध देऊन नायकाचं डोकं फिरवतो आणि शेवटी टाळीची वाट बघतो. मॅट टाळी देत नाही. तो म्हणतो की यात तुझं स्वतःचं काहीच नाही, सगळी उसनवारी. तो घाव मिस्टेरियोला सहन होत नाही. हा प्रसंग मी दरवेळी थांबून वाचतो. स्वतः उचलून लिहितोय की काय, ही प्रत्येक लेखकाच्या पोटातली भीती स्मिथने खलनायकाच्या तोंडून बाहेर काढली आहे, असं मला वाटतं.

आठवा अंक मात्र लढाईचा नाही. छपरावर मॅट आणि स्पायडरमॅन बोलत बसतात. मयताच्या घरी चौथ्या-पाचव्या दिवशी येऊन बसणाऱ्या मित्रासारखं ते बोलणं आहे. स्मिथ तिथे सगळ्यात बरा लिहितो.

७. पण कॅरन पेजला मारायची काय गरज होती?

हा आक्षेप मला पटतो. पाचव्या अंकात चर्चमध्ये बुल्सआय हा डेअरडेव्हिलचा शत्रू तिला ठार मारतो, तेही डेअरडेव्हिलच्याच काठीने. कॅरन १९६४ च्या पहिल्या अंकापासूनची. नायकाला दुःख व्हावं म्हणून बाईचा बळी देण्याची सुपरहिरो कॉमिक्सची खोड जुनी आहे, आणि पुढे कॉमिक्सलेखिका झालेल्या गेल सिमोनने अशा पात्रांची यादी केली तीही नेमकी १९९९ मध्ये, जेव्हा हे अंक येत होते. स्मिथने मृत्यूनंतरचा शोक मनापासून लिहिला आहे हे खरं. तरी त्या शोकात कॅरनचं स्वतःचं म्हणणं ऐकू येत नाही. नेटफ्लिक्सच्या 'डेअरडेव्हिल'च्या तिसऱ्या पर्वात (२०१८) चर्चमधला असाच हल्ला आहे आणि तिथे कॅरन वाचते. मला ते जास्त न्याय्य वाटलं.

८. ग्रीन अ‍ॅरो मेला होता ना? मग परत कसा आला?

मेलाच होता, १९९५ मध्ये, विमानाच्या स्फोटात. त्याची जागा मुलाने, कॉनर हॉकने, घेतली होती. २००१ मध्ये डीसी या कॉमिक्स कंपनीने नवी मालिका काढली तेव्हा पहिले पंधरा अंक स्मिथने लिहिले. चित्रं फिल हेस्टरची, शाई अँडी पार्क्सची, मुखपृष्ठं मॅट वॅग्नरची. पहिल्या दहा अंकांची कथा म्हणजे 'क्विव्हर'.

ऑलिव्हर क्वीन, म्हणजेच ग्रीन अ‍ॅरो, परत येतो, पण त्याच्या आठवणी जुन्या. मधली वर्षं त्याला ठाऊकच नाहीत. बराच काळ परदेशी राहून आलेला काका गल्लीत उतरून 'इथलं ते हॉटेल कुठे गेलं?' विचारतो, तसं त्याचं होतं. मित्र त्याच्याकडे भूत पाहिल्यासारखे बघतात आणि याला कळत नाही का. शरीर आलं, आत्मा मागेच राहिला, असा पुढे खुलासा आहे. तो कसा सुटतो ते इथे सांगत नाही. मिया डिअर्डन हे पात्र याच मालिकेतलं. टीव्ही मालिका 'अ‍ॅरो'मधल्या थिया क्वीनचं मधलं नाव 'डिअर्डन' आहे, ते तिच्यावरूनच.

९. ओनोमाटोपिया हा असला कसला खलनायक? नुसते आवाज काढतो!

मला तो स्मिथची सर्वांत चांगली कल्पना वाटतो. ग्रीन अ‍ॅरोच्या बाराव्या अंकात (२००२) तो येतो. सुपरशक्ती नसलेल्या नायकांना मारत सुटलेला हा माणूस बोलत नाही. आजूबाजूला होणारे आवाज फक्त तोंडाने म्हणतो. गोळी सुटली की तो 'ब्लॅम' म्हणतो, नळ गळला की 'ड्रिप'. नावाचा अर्थच ध्वनीवरून बनलेला शब्द.

पडद्यावर हा माणूस आणला तर तो विचित्र वाटेल, कारण तिथे गोळीचा आवाज आधीच ऐकू आलेला असतो. कॉमिक्समध्ये आवाज मुळातच अक्षरांत असतो, म्हणून तिथेच तो भयानक होतो. पान गप्प असतं आणि ते अक्षर त्याच्या तोंडात. आयुष्यभर सिनेमा केलेल्या माणसाने सिनेमाला न पेलणारं पात्र घडवलं, याचं मला फार कौतुक आहे. मराठी वाचकाला तर हे लगेच कळावं. धाडकन, सर्रकन, टपटप, खळ्ळकन याशिवाय आपलं पान हलत नाही.

१०. सुपरमॅनचा सिनेमा तोच लिहीत होता ना? ती कोळ्याची भानगड काय?

होय. १९९६-९७ मध्ये वॉर्नर या सिनेमा कंपनीसाठी त्याने 'सुपरमॅन लिव्ह्ज'ची पटकथा लिहिली. स्मिथ सांगतो त्यानुसार निर्माता जॉन पीटर्सने तीन अटी घातल्या: सुपरमॅनने तो नेहमीचा पोशाख घालायचा नाही, उडायचं नाही, आणि शेवटी एका प्रचंड कोळ्याशी लढायचं. टिम बर्टन दिग्दर्शक म्हणून आला तेव्हा स्मिथचं लेखन बाजूला पडलं. निकोलस केज सुपरमॅन होणार होता. १९९८ मध्ये सगळंच बारगळलं. पीटर्सने निर्मिती केलेल्या 'वाइल्ड वाइल्ड वेस्ट'मध्ये (१९९९) यांत्रिक महाकाय कोळी आहे. आणि २०२३ च्या 'द फ्लॅश'मध्ये केजचा सुपरमॅन काही क्षण दिसतो, कोळ्याशी लढताना.

सिनेमात निर्मात्याचा कोळी अंगावर येतो आणि कॉमिक्समध्ये लिहिलेलं पुष्कळसं लिहिलं तसं छापलं जातं. त्याच वर्षी, १९९८ मध्ये, स्मिथ डेअरडेव्हिलकडे वळला, यातला संबंध मी माझ्या मनाने जोडतो.

११. त्याच्या न झालेल्या सिनेमांची कथानकं पुढे कॉमिक्स झाली, असं ऐकलं. कोणती?

दोन. 'ग्रीन हॉर्नेट'ची पटकथा त्याने मिरामॅक्ससाठी लिहिली होती, पण तो सिनेमा त्याने केला नाही. २०१० मध्ये डायनामाइट या प्रकाशनाने ती कॉमिक्स म्हणून काढली. पटकथेचं पानांत रूपांतर फिल हेस्टरने केलं, चित्रं जोनाथन लाऊची. २०११ चा 'बायॉनिक मॅन'ही असाच. दोन्हींत पटकथेचा सांगाडा दिसतो, म्हणून स्मिथ कॉमिक्सकार म्हणून कसा आहे हे त्यांवरून ठरवू नका. त्यापेक्षा 'बॅटमॅन ६६ मीट्स द ग्रीन हॉर्नेट' (२०१४) बरं. ते त्याने राल्फ गारमनबरोबर मुळातच कॉमिक्स म्हणून लिहिलं.

१२. अंक इतके उशिरा का येतात? मी तर 'द टार्गेट'चा दुसरा अंक अजून शोधतोय.

शोधू नका. 'डेअरडेव्हिल/बुल्सआय: द टार्गेट'चा पहिला अंक २००२ च्या अखेरीस आला आणि दुसरा निघालाच नाही.

स्पायडरमॅन-ब्लॅक कॅटची 'द ईव्हिल दॅट मेन डू' सहा अंकांची. पहिले तीन २००२ मध्ये आले, उरलेले तीन २००५ च्या शेवटापासून २००६ पर्यंत. मध्ये तीन वर्षं. कारण लपलेलं नाही: सिनेमाचं काम आलं की कॉमिक्स मागे पडायचं. सिनेमाच्या सेटवर शेकडो माणसं खोळंबतात, त्यांच्यासमोर एका मालिकेचा चौथा अंक कोण आठवणार? पण कॉमिक्सचा वाचक दर महिन्याला दुकानात विचारत असतो, आणि टेरी व रेचल डॉडसनसारखे चित्रकार संहितेवर अवलंबून असतात. मी स्मिथवर प्रेम करणाऱ्यांपैकी आहे, तरी हे त्याचं देणं बाकी राहिलं असंच म्हणेन. महिन्याचं नियतकालिक हा शब्द दिल्याचा व्यवहार आहे.

१३. त्याच्या बॅटमॅनवर लोक एवढे का चिडतात?

'कॅकोफनी' (२००८-०९, तीन अंक) आणि 'द वायडनिंग गायर' (२००९-१०, सहा अंक), दोन्हींची चित्रं त्याच्या बालमित्राची, वॉल्ट फ्लॅनगनची. हा तोच फ्लॅनगन, जो 'सीक्रेट स्टॅश' सांभाळायचा आणि 'कॉमिक बुक मेन' (२०१२-१८) या कार्यक्रमात दिसायचा.

चिडण्याचं कारण दुसऱ्या मालिकेत आहे. बॅटमॅनच्या सुरुवातीच्या काळातला एक गाजलेला प्रसंग आठवत असताना तो कबूल करतो की त्या स्फोटाच्या वेळी आपल्याला लघवी झाली होती. पुष्कळांना हे पात्राचा अपमान वाटलं. माझं मत वेगळं: भीती वाटणारा बॅटमॅन मला मान्य आहे, पण तो प्रसंग विनोदाच्या वजनाने लिहिलाय आणि म्हणून पडतो. खरी तक्रार ही की सहावा अंक भलत्याच वळणावर संपतो आणि ठरलेला पुढचा भाग आलाच नाही.

त्याची भरपाई हवी असेल तर 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या हजाराव्या अंकातली (२०१९) त्याची छोटी कथा वाचा, चित्रं जिम लीची. आईवडिलांना मारणारी बंदूक बॅटमॅन विकत घेतो आणि तिचा धातू वितळवून छातीवरचं कवच करतो. थोडकी पानं आणि जास्तीचं बोलणं जवळजवळ नाही. प्रश्न ५ मधला धडा तो शिकला, हे इथे दिसतं.

१४. मुलांना देऊ का?

'बॅटमॅन ६६' सोडलं तर शाळकरी मुलांना नको. 'क्लर्क्स'च्या कॉमिक्समध्ये शिव्या आहेत आणि ब्लॅक कॅटच्या मालिकेत लैंगिक अत्याचार व ड्रग्ज.

१५. 'झीना' या टीव्ही मालिकेत एरीस झालेला केविन स्मिथ तोच का?

नाही. तो न्यूझीलंडचा अभिनेता. २००२ मध्ये त्याचं निधन झालं. ग्रंथालयाच्या संगणकावर शोधताना दोघांची गल्लत होते.

१६. असं करणारा तो एकटाच का? आपल्याकडे कुणी?

एकटा नाही. रेजिनाल्ड हडलिन या दिग्दर्शकाने २००५ पासून ब्लॅक पँथर लिहिलं, आणि शूरी हे पात्र त्याने जॉन रोमिटा ज्युनियरबरोबर निर्माण केलं. जॉस व्हेडनने २००४ पासून 'अस्टॉनिशिंग एक्स-मेन' लिहिलं. 'सुपरमॅन'चा दिग्दर्शक रिचर्ड डॉनर २००६ मध्ये जेफ जॉन्सबरोबर 'अ‍ॅक्शन कॉमिक्स' लिहू लागला. जॉन्स पूर्वी त्याचाच मदतनीस होता.

भारतातलं ठळक नाव शेखर कपूर. २००६ मध्ये सुरू झालेल्या व्हर्जिन कॉमिक्सच्या संस्थापकांपैकी तो एक. 'देवी' आणि 'स्नेक वुमन' या मालिका त्याच्या कल्पनेतल्या. पण रोजचं लेखन इतरांकडे होतं, आणि स्मिथपासून हाच फरक आहे: स्मिथ स्वतः चौकटी भरत होता. इंद्रजालच्या अंकांतून वेताळ मराठीत वाचलेल्या पिढीला, इथला एखादा दिग्दर्शक असा महिनोन्‌महिने कॉमिक्स लिहायला बसलेला पाहायला आवडेल. मला तर फारच.

१७. पूर्ण न झालेल्या मालिका विकत घ्याव्यात का?

'द वायडनिंग गायर' घ्या, पण सहाव्या अंकाचं शेवटचं पान उलटल्यावर पुढे काही नाही हे मनाशी धरून. 'द टार्गेट'चा तो एकुलता अंक मी घेतला आहे. ग्लेन फॅब्रीच्या चित्रांसाठी अधूनमधून काढून बघतो, आणि संग्रहात दुसऱ्या अंकाची जागा अजून रिकामी ठेवली आहे.